तेलकट कोबा आणि कापडाचे गोदाम : रंगाचा डबा उघडण्याआधी

कापडाचा व्यापारी नवी जागा पाहायला जातो तेव्हा त्याची नजर आधी छताकडे जाते. पत्रा गळतो का, भिंतीला ओल आहे का, शटर नीट लागते का, मालाचा टेम्पो दारापर्यंत येतो का, हे सगळे तो बारकाईने पाहतो आणि मग भाड्याची बोलणी सुरू करतो. पायाखालची जमीन मात्र फारसे कोणी पाहत नाही. ती काळी दिसली तर मालक म्हणतो, "रंग मारून घ्या, नवीन दिसेल." आणि व्यापारीही मान डोलावतो. या एका वाक्यावर विसंबून किती माल खराब झाला असेल, याचा हिशोब कोणाच्याच वहीत सापडणार नाही.

आपल्या औरंगाबादेत, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, हा प्रश्न नेहमीचा आहे आणि त्याला कारण आहे. १८८९ साली इथे सूत कातण्याची आणि विणण्याची गिरणी उभी राहिली. हिमरूचे माग तर त्याच्या कितीतरी आधीपासून होते. पुढे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणाऱ्या लहान लहान शेड उभ्या राहिल्या. लेथ, प्रेस, ड्रिल, आणि या यंत्रांबरोबर आलेले तेल. वस्त्यांमध्ये गॅरेज वाढली ती वेगळीच. यातले एखादे युनिट बंद पडते, गॅरेजवाला दुसरीकडे जातो, आणि ती जागा गोदामासाठी भाड्याने निघते. वीस बाय तीस फुटांची, मोठ्या शटरची, रस्त्यावरची जागा कमी भाड्यात मिळते म्हणून आपण खूश होतो. भाडे कमी का, याचे उत्तर बरेचदा कोब्यात मुरलेले असते.

आधी कापडाची बाजू समजून घेऊ. मशीनचे तेल, इंजिन ऑइल, ग्रीस ही सगळी खनिज तेले आहेत. गोडे तेल किंवा तूप कपड्यावर सांडले तर सोड्याच्या गरम पाण्यात त्याचा साबण बनतो आणि ते निघून जाते. खनिज तेलाचा साबण बनत नाही. म्हणून तर मालेगाव, भिवंडीच्या कोऱ्या कापडावर लूमच्या तेलाचा डाग असेल तर प्रोसेसवाला कुरकुर करतो. कारण साध्या सोड्याच्या उकळीने तो जात नाही, त्याला वेगळे इमल्सिफायर घालावे लागते. पॉलिस्टरचे तर आणखी कठीण. हा धागा पाण्याला दूर ठेवतो पण तेलाला जवळ करतो. त्यात तयार माल, छापील साडी किंवा सूटचा पीस असेल तर तो पुन्हा प्रोसेसला पाठवण्याची सोय नसते. डाग जुना झाला, त्याला उन्हाळ्याची उष्णता मिळाली, की पिवळट होऊन पक्का बसतो.

गाठ गोणपाटात बांधलेली आहे, तिला काय होणार, असेही काहीजण म्हणतात. गोणपाट हाच धोका आहे. दिव्याची वात जसे तेल वर ओढते तसे ताग आणि सूत जमिनीतले तेल वर ओढतात. गाठीच्या वजनाने कापड जमिनीवर दाबलेले असते, उन्हाळ्यात पत्र्याखाली कोबा तापतो, तेल पातळ होते आणि सावकाश चढत राहते. रमजानच्या विक्रीसाठी दोन महिने आधी रचून ठेवलेली थप्पी उघडावी तो तळाच्या थानांवर टिकल्या दिसतात.

समजा, दोन हजार रुपये खरेदीची शंभर थाने आहेत आणि घाऊक विक्रीत पाच टक्के सुटतात. म्हणजे दोन लाखांच्या मालावर दहा हजार नफा. त्यातली पाच थाने डागाळली आणि निम्म्या किमतीत, हजार-हजार रुपयांना काढावी लागली, तर प्रत्येक थानामागे अकराशे, म्हणजे साडेपाच हजार गेले. शंभरात पाच थाने खराब होणे म्हणजे पाच टक्के नुकसान नव्हे, नफ्याचा निम्म्याहून जास्त हिस्सा गेला. डागाचे थान घडीच्या आत दाबून चांगल्या मालात खपवणे हा काही आपला व्यवहार नाही. मालातला ऐब गिऱ्हाइकाला दाखवूनच विकायचा असतो, म्हणून हे नुकसान शेवटी आपल्याच अंगावर येते.

आता जमिनीकडे येऊ. आपण ज्याला कोबा म्हणतो तो सिमेंट-काँक्रीटचा थर वरून दगडासारखा दिसला तरी आतून तो सच्छिद्र असतो. कालवलेल्या पाण्यापैकी काही सिमेंट घट्ट होण्यात लागते, उरलेले वाळून जाते आणि त्याच्या जागी बारीक बारीक नळ्या राहतात. तेल त्याच वाटेने खाली उतरते. काल सांडलेले तेल पृष्ठभागावर असते. दहा वर्षे रोज टपकलेले तेल खोलवर गेलेले असते. फडक्याने पुसून जमीन कोरडी दिसली म्हणून ते गेले असे होत नाही.

रंग जमिनीला धरून राहतो तो या छिद्रांत शिरूनच. छिद्रांत आधीच तेल बसलेले असेल तर रंगाला पकडायला काही उरत नाही. तो तेलावर तरंगल्यासारखा वाळतो, महिनाभर छान चमकतो आणि मग हातगाडीचे चाक फिरले की पोपडे सुटू लागतात. पोपड्याची खालची बाजू हाताने चोळून पाहा, ती चिकट लागेल. काही मिस्त्री तेलाच्या डागावर सिमेंटचा पातळ घोळ ओतून "नवा कोबा" करून देतात. त्याचीही गत तीच होते. तेलाला सिमेंट धरत नाही. पातळ थर पापडासारखा उचलला जातो आणि त्याची धूळ मालावर बसते ती वेगळीच.

पाण्याच्या थेंबाची परीक्षा

जागा घेण्याआधी करायची परीक्षा फुकट आहे. बाटलीत पाणी घेऊन जावे. शटरजवळ, मध्यभागी, कोपऱ्यात आणि जिथे यंत्राचे बोल्ट कापलेले दिसतात तिथे, अशा आठ-दहा ठिकाणी जमीन झाडून थोडे थोडे पाणी टाकावे. काही मिनिटांत पाणी पसरून जमीन ओली गडद झाली, म्हणजे छिद्रे मोकळी आहेत. पाणी अळूच्या पानावरच्या थेंबासारखे गोळा होऊन बसले तर तिथे तेल आहे किंवा पूर्वीचा एखादा रंग अथवा पॉलिश आहे. दोन्ही स्थितीत नवा रंग बसणार नाही. हीच परीक्षा साफसफाईनंतर पुन्हा करायची आहे, म्हणून जिथे पाणी गोळा झाले तिथे खडूने खूण करून ठेवावी. खुणा मोजल्या की भाड्याच्या बोलणीत आपली बाजूही भक्कम होते. सफाईचा खर्च कोण करणार, तो भाड्यातून वळता होणार की नाही, आणि जागा सोडताना जमीन कोणत्या स्थितीत परत द्यायची, या तीन गोष्टी करारनाम्यात लिहून घ्याव्यात. तोंडी ठरलेले पुढे मालकाच्या मुलांना आठवत नाही.

तेल काढायचे कसे

पहिले काम खरवडण्याचे. ग्रीस, माती आणि लोखंडाचा भुसा मिळून जो काळा जाड थर बसलेला असतो तो लोखंडी पत्तीने कोरडाच काढावा. त्यावर आधी पाणी ओतले की चिखल होतो आणि सगळीकडे पसरतो. ओले तेल दिसत असेल तर लाकडाचा भुसा, मुलतानी माती किंवा चुन्याची कोरडी भुकटी टाकून, पायाने दाबून, एक रात्र राहू द्यावी आणि सकाळी झाडून घ्यावी. पाणी लागण्याआधी जेवढे तेल कोरडे निघेल तेवढे पुढचे काम हलके होते.

इथे रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल ओतून जमीन धुण्याची जी सवय आपल्याकडे आहे तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. रॉकेलने हाताचे ग्रीस निघते हे खरे, पण हात पुसता येतो, कोबा पुसता येत नाही. रॉकेल काळे तेल पातळ करते आणि आणखी खोल नेते. वर डाग फिका झालेला दिसतो आणि आपण फसतो. स्वतः रॉकेल आणि डिझेलही तेलकट अंश मागे ठेवतात. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते. बंद शटरमध्ये दिव्याचे बटण दाबताना उडणारी बारीक ठिणगी तिला पुरते. शेजारच्या गाळ्यात कापड भरलेले असताना हा खेळ करूच नये.

धुण्याचे खरे काम गरम पाणी, क्षार आणि साबण यांच्या जोडीने होते. कापडाच्या स्कॉवरिंगमध्ये जे तत्त्व आहे तेच इथे आहे. एकटा सोडा खनिज तेलाला पुरत नाही. सोबत असे डिटर्जंट हवे की जे तेलाचे बारीक कण करून पाण्यात तरंगत ठेवील. वीस लिटर गरम पाण्यात अर्धा किलो ट्रायसोडियम फॉस्फेट (रंगाई-धुलाईवाल्यांकडे त्याला टीएसपी म्हणतात) आणि पाव किलो चांगली धुण्याची पावडर, हे प्रमाण सुरुवातीला ठीक आहे. टीएसपी न मिळाल्यास धुण्याचा सोडा घ्यावा, तो थोडा कमजोर असतो. बाजारात तयार डिग्रीझरही मिळतात. सिमेंटच्या जमिनीसाठी असे डब्यावर लिहिलेले असेल तर तेही चालतील.

पाणी ओतून लगेच खराट्याने ढकलून देऊ नये. एका वेळी दहा बाय दहा फुटांचा भाग घ्यावा, द्रावण टाकून पंधरा-वीस मिनिटे ओले ठेवावे, सुकू देऊ नये आणि मग कडक ब्रशने घासावे. तारेचा ब्रश वापरल्यास त्याच्या तुटलेल्या तारा वेचून काढाव्यात, नाहीतर त्या गंजून लाल ठिपके पडतात. घासल्यावर वर आलेले काळे पाणी वायपरने गोळा करून बादलीत भरावे. हे सगळ्यात महत्त्वाचे आहे. तेल कणरूपात पाण्यात आलेले असते. पाणी तिथेच वाळले तर तेल परत छिद्रांत जाते. मग साध्या पाण्याने दोनदा धुवावे आणि पुढचा भाग घ्यावा. जुन्या गॅरेजला एका धुण्यात भागत नाही. तीन-चार फेऱ्या धरूनच मजुरी ठरवावी. भाड्याने प्रेशरचे यंत्र मिळाले तर काम लवकर होते, पण रसायन लावण्याआधी नुसते प्रेशर मारून उपयोग नाही.

जिथे यंत्र वर्षानुवर्षे उभे होते तिथला डाग धुऊन जात नाही. त्याला लेप द्यावा लागतो. वीस लिटर पाण्यात एक किलो कॉस्टिक सोडा, म्हणजे साधारण पाच टक्क्यांचे द्रावण करून त्यात मुलतानी माती किंवा चुन्याची भुकटी कालवावी आणि अर्धा इंच जाड लेप डागावर थापावा. वर प्लास्टिक झाकून एक दिवस ठेवावा, मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण सुकू द्यावा. सुकताना तो छिद्रांतला ओलावा आणि त्यासोबत तेल वर ओढतो. काळा पडलेला लेप खरवडून टाकावा, जमीन घासून धुवावी आणि गरज असेल तर पुन्हा तोच लेप. कॉस्टिक पाण्यात थोडा थोडा टाकायचा असतो, कारण द्रावण तापते. ॲल्युमिनियमची बादली किंवा पातेले वापरू नये, कॉस्टिक त्याला खातो. कातडी आणि डोळे यांना तो ॲसिडइतकाच वाईट आहे. रबरी हातमोजे, गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर मजुराला हे काम सांगू नये. त्याचा हात भाजला तर ती जबाबदारी काम देणाऱ्याची आहे.

लेप देऊन झाल्यावर घाई नको. तीन-चार दिवस, शक्य असल्यास उन्हाळ्याच्या दिवसांत, जमीन मोकळी ठेवावी. खाली उरलेले तेल उष्णतेने वर येते आणि फिका डाग पुन्हा गडद दिसू लागतो. रंग लावण्याआधी तो दिसला तर बरेच, नंतर दिसला तर रंगासकट खर्च जातो. आता खडूच्या खुणांवर पुन्हा पाण्याचे थेंब टाकावेत.

ॲसिडबद्दल

"ॲसिड टाका, सगळे साफ होईल" हा सल्ला प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ॲसिड तेल काढत नाही. म्युरिॲटिक ॲसिड सिमेंटमधल्या चुन्यावर काम करते आणि तेलाचा थर चुन्याला झाकून ठेवतो, म्हणजे जिथे गरज आहे नेमके तिथेच ते लागू पडत नाही. त्याचा उपयोग तेल निघाल्यानंतरचा आहे, गुळगुळीत घोटलेला कोबा थोडा खरखरीत करून रंगाला पकड देण्यासाठी. दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड, नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. टाकल्यावर सगळीकडे सारखा फेस आला तर सफाई झाली असे समजावे. ज्या जागी फेस येत नाही तिथे तेल अजून आहे. ही दुसरी परीक्षा आपोआप होते. नंतर सोड्याच्या पाण्याने मारून, भरपूर पाण्याने धुऊन काढावे. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसे जाळतो.

कापडवाल्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ॲसिडचा थेंब सुती कापडावर पडला तर डाग दिसत नाही, पण तिथला धागा कुजतो आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात भोक पडते. ॲसिडच्या वाफेने शिलाई मशीन, शटर आणि लोखंडी रॅक गंजतात. म्हणून माल आणि यंत्रे बाहेर काढल्याशिवाय ॲसिडची बाटली आत आणू नये. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ ॲसिडविक्रीवर बंधने घातली. विक्रेत्याला घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी लागते. दुकानदार नाव विचारतो म्हणून रागावू नये, ते योग्यच आहे.

आणि जमीन शहाबादी फरशीची असेल तर ॲसिड अजिबात नाही. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड त्याला खाऊन खडबडीत करते, पॉलिश कायमचे जाते आणि मग ती फरशी पूर्वीपेक्षा जास्त तेल पिते. मराठवाड्यातल्या जुन्या दुकानांत अर्धी जमीन कोब्याची आणि अर्धी शहाबादीची असते. मजुराला हा फरक आधी दाखवून द्यावा. शहाबादीला साबणाचे पाणी आणि मुलतानीचा लेप पुरे. रंगाच्या भानगडीत पडू नये.

ज्यांच्याजवळ थोडा जास्त पैसा आहे त्यांनी ॲसिडऐवजी घोटाईचे यंत्र, म्हणजे हिऱ्याच्या सेगमेंटचा ग्राइंडर लावावा. तो वरचा तेलकट थरच काढून टाकतो, पकड चांगली देतो आणि धुण्याचे पाणी होत नाही. मात्र तेलकट जमीन आधी धुतलीच पाहिजे, नाहीतर ग्राइंडर तेच तेल सगळीकडे फासतो. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती छातीत बसली की बाहेर निघत नाही. धूळ ओढणारे यंत्र जोडलेले हवे आणि मजुराच्या तोंडाला चांगला मास्क हवा, गळ्यातला रुमाल त्या धुळीला थांबवत नाही.

सफाईतून निघालेले काळे पाणी आणि तेलकट भुसा कुठे टाकायचा? गल्लीच्या गटारात नाही. आपले नाले खाम नदीला मिळतात, खाम गोदावरीला मिळते आणि शहराच्या नळाचे पाणी गोदावरीवरच्या जायकवाडी धरणातून येते. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात धरले जाते आणि ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यालाच द्यायचे असते. गॅरेजवाल्यांना अशा लोकांची माहिती असते. काळे पाणी ड्रममध्ये दोन दिवस स्थिर ठेवल्यास बरेच तेल वर येते, ते काढून वेगळे ठेवावे आणि भुशासोबत त्यांच्याकडेच द्यावे. खालचे पाणीही साबण आणि क्षाराचे असते, ते गटारात ओतण्याआधी त्यांनाच विचारावे.

ओल आणि मग रंग

तेल गेले तरी एक शत्रू राहतो. शहराच्या ज्या भागात काळी माती आहे तिथे पावसाळ्यात जमिनीखालून ओल वर येते आणि कोब्याखाली प्लास्टिकचा थर टाकण्याची पद्धत जुन्या बांधकामांत नव्हती. दीड बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवून एक पूर्ण दिवस ठेवावा. काढल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन गडद झालेली दिसली तर रंग लावू नये, फोड येतील. म्हणून हे काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करावे. पावसाळ्यात ओल असते आणि मे महिन्यात उष्णतेने रंग डब्यातच घट्ट होऊ लागतो. नवीन कोबा घातला असेल तर किमान २८ दिवस थांबावे.

कोणता रंग? दारे-खिडक्यांचा ऑइल पेंट, म्हणजे एनॅमल, स्वस्त पडतो म्हणून लोक तो जमिनीला फासतात. सिमेंट क्षारधर्मी आहे आणि ओल आली की तो क्षार एनॅमलमधल्या तेलाचा साबण करतो. रंग मऊ पडून सुटतो. भिंतीचा सिमेंट पेंट जमिनीवर चालतच नाही, पायाने घासून जातो. जमिनीला दोन डब्यांचा इपॉक्सी हवा, एक डबा बेसचा आणि एक हार्डनरचा. दोन्ही डब्यांवर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळावे. "थोडा हार्डनर जास्त टाका, लवकर सुकेल" असे म्हणणारा कारीगर बदलावा. मिसळल्यानंतर काही वेळातच तो वापरून संपवावा लागतो आणि गरमीत ही मुदत आणखी कमी होते, म्हणून संपूर्ण डबा एकदम मिसळू नये. आधी त्याचा प्राइमर, खड्डे आणि भेगा इपॉक्सीच्या लांबीने भरणे आणि मग दोन हात. काही कंपन्या तेलकट जमिनीसाठी खास प्राइमर देतात. धुऊन उरलेल्या अंशासाठी ते ठीक आहेत, धुण्याला पर्याय म्हणून नाहीत.

वीस बाय तीसची जमीन म्हणजे सहाशे चौरस फूट, साधारण छप्पन चौरस मीटर. गुळगुळीत जमिनीवर एक लिटरमध्ये एका हाताचे आठ-दहा चौरस मीटर निघतात, म्हणजे दर हाताला सहा-सात लिटर. घासलेला कोबा जास्त पितो, पहिल्या हाताला दीडपट धरावे. रंग फिका राखाडी निवडावा. काही व्यापारी मळ दिसू नये म्हणून गडद रंग मागतात. गोदामात मळ दिसलाच पाहिजे, नवे तेल कुठून टपकते ते त्याच दिवशी कळते. शटरजवळ ऊन येते तिथे इपॉक्सी पिवळा पडतो आणि खडूसारखा होतो, त्या पट्ट्यावर पॉलियुरेथेनचा वरचा हात द्यावा. उताराच्या जागी ओल्या रंगावर बारीक क्वार्ट्झची वाळू भुरभुरावी, म्हणजे डोक्यावर गाठ घेतलेला हमाल घसरणार नाही.

हार्डनर अंगाला लागल्याने खाज आणि पुरळ उठते आणि काहींना ते कायमचे जडते. हातमोजे घालावेत आणि हात थिनरने धुऊ नयेत. रंगकामाची फडकी, विशेषतः ऑइल पेंट किंवा अळशीच्या तेलाची, गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. पाण्याच्या बादलीत बुडवून बाहेर न्यावीत.

रंगावर दुसऱ्या दिवशी चालता येते, पण गाठी रचायला सात दिवस थांबावे. आणि रंग कितीही चांगला झाला तरी थप्पी जमिनीवर ठेवू नये. चार-सहा इंच उंचीचे लाकडी फळकूट किंवा प्लास्टिकचे पॅलेट खाली हवेच, हवा खेळती राहते आणि ओलही दूर राहते.

इतके करूनही खुणांवरचा थेंब गोळा होऊन बसत असेल तर रंगाचा नाद सोडावा. तेवढाच भाग कटरने चौकोनी कापून, फोडून, नवा कोबा भरणे स्वस्त पडते. अकरा महिन्यांच्या करारावर जागा असेल तर माझे मत असे की इपॉक्सीवर एक रुपयाही घालू नये. जमीन दोनदा धुवावी, जाड प्लास्टिक अंथरावे, वर पॅलेट ठेवावेत आणि उरलेला पैसा मालात घालावा. रंगाचा खर्च पाच वर्षांच्या करारावर किंवा स्वतःच्या जागेतच निघतो.

गॅरेज आणि वर्कशॉपचे उस्ताद, ज्यांचे काम तेलातच आहे, त्यांच्यासाठी क्रम उलटा आहे. त्यांनी आधी टपकणे थांबवावे. प्रत्येक यंत्राखाली पत्र्याचा ट्रे, तेल काढताना रुंद तोंडाचे भांडे आणि हाताशी भुशाची बादली. जिथे जॅक लागतो आणि वेल्डिंगच्या ठिणग्या पडतात तिथे रंग टिकत नाही, ती जागा तशीच सोडून बाकीची रंगवावी. गाडीच्या गरम टायरखाली कच्चा इपॉक्सी उचलला जातो, म्हणून सात दिवसांची मुदत त्यांनाही पाळावी लागते. रोजच्या धुण्याला साध्या साबणाचे पाणी पुरते. कॉस्टिक दर आठवड्याला मारला तर रंगाची चमक लवकर जाते.